बाबांच्या फोनवर आलेली चलानची फाइल आणि गप्प राहण्यात गेलेले तीन दिवस

रानजाई | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा, कारण तुमच्याही घरी आईबाबा असतील आणि त्यांच्या हातात फोन असेल.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेत, सांगलीजवळ गावी एकटेच असतात, आई जाऊन चार वर्षं झाली. मी पुण्यात. गेल्या गुरुवारी संध्याकाळी त्यांना व्हॉट्सॲपवर मेसेज आला की तुमच्या गाडीचं चलान फाटलंय, पावती खाली जोडलीय, आणि खाली एक फाइल, आरटीओ चलान डॉट एपीके. मेसेज अनोळखी नंबरवरून नव्हता बरं का, त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या नंबरवरून होता, डीपीला त्याचाच फोटो. आदल्याच आठवड्यात बाबा स्कूटर घेऊन मिरजेला गेले होते आणि चौकात कॅमेरा आहे हे डोक्यात होतंच. दाबलं. फोनने विचारलं हे ॲप टाकायचं का, हो म्हटलं. एसेमेस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. मग एक पान उघडलं, वर अशोकस्तंभ, खाली १ रुपया भरून गाडी नंबर व्हेरिफाय करा, तिथे डेबिट कार्डाचा नंबर आणि पिन टाकला. पान नुसतं गोल गोल फिरत राहिलं, त्यांना वाटलं रेंज नाही, फोन ठेवला आणि भजनाला गेले.

शुक्रवारी सकाळी दूधवाल्याला ६४ रुपये पाठवायला गेले तर बॅलन्स अपुरा. रात्री २ ते अडीचमध्ये चार व्यवहार झाले होते, एकूण १ लाख ८६ हजार. एकाचाही मेसेज फोनवर दिसत नव्हता.

आता मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे. बाबा बँकेत गेले, पासबुक भरून घेतलं, काउंटरवरच्या मुलीशी अवाक्षर बोलले नाहीत आणि घरी आले. शुक्रवारी रात्री माझा फोन झाला, जेवलात का, हो जेवलो. शनिवारी तेच. रविवारी मी काही न सांगता सहज गेले तर टेबलावर पेपरखाली त्यांची डायरी होती. त्यात चारही व्यवहारांचे बारा बारा आकडी नंबर, रक्कम, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात एकाखाली एक लिहिलेले, शेवटी लाल पेनने रेघ आणि बेरीज, वर्गाचा निकाल लिहायचे ना तसं. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, "तू ओरडशील म्हणून नाही सांगितलं गं."

मागच्या वर्षी त्यांनी कुठलंतरी फालतू ॲप टाकलं होतं तेव्हा मी फोनवर अर्धा तास बोलले होते, तेच त्यांच्या मनात बसलेलं. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, आम्ही फोन केला रविवारी दुपारी, म्हणजे पैसे गेल्यापासून साधारण ६० तासांनी. तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून बहुतेक एटीएममधून निघाले होते, सायबरवाल्यांनी सांगितलं की फक्त ३१ हजार एका खात्यात अडवता आलेत.

बँकेत लेखी अर्ज दिलाय. तिथले साहेब म्हणतात पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काही करू शकत नाही. अजून काय काय करायला हवं कृपया सांगा.

सह्यफिरस्ता | मंगळवार, रात्री ११:१५

ताई, वाचून खूप वाईट वाटलं. मी मोबाइल सिक्युरिटीतच काम करतो म्हणून आधी कामाचं सांगतो, तो फोन अजून तसाच वापरात आहे का? असेल तर आत्ताच्या आत्ता फ्लाइट मोडवर टाका आणि सिम काढा. ती एपीके फाइल म्हणजे पावती नसतेच, ते आख्खं ॲप असतं आणि एकदा एसेमेसची परवानगी दिली की येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर तिकडे जातो, वर काही ॲपं तो मेसेज तुमच्या फोनमधून पुसूनही टाकतात, म्हणून तर बाबांना काही दिसलं नाही. नुसतं ॲप डिलीट करून भागत नाही, बऱ्याचदा ते आयकॉनच लपवतं आणि सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःला ॲडमिन करून घेतं, मग ते सहज काढता येत नाही. फोटो आणि नंबर दुसरीकडे काढा आणि फोन फॅक्टरी रिसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करा.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून. त्याच फोनवरून बदललेत तर नवा पासवर्डही त्यांना कळेल. पहिला जीमेलचा बदला, बँकेच्याही आधी, कारण बाकी सगळ्याचं "पासवर्ड विसरलात का" तिथेच येऊन पडतं. मग गूगल अकाउंटमध्ये सिक्युरिटीत जाऊन कुठकुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ते बघा, अनोळखी असेल ते काढा.

कॉल फॉरवर्डिंगही बघा. हॅश हॅश ००२ हॅश डायल केलं की सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. फोनवरून ओटीपी सांगणारे कॉलही हे लोक वळवून घेतात.

आणि एक महत्त्वाचं विचारतो, मेसेज विद्यार्थ्याच्या नंबरवरून आला म्हणजे त्याचाही फोन असाच गेलेला असणार. मग बाबांच्या व्हॉट्सॲपवरून ती फाइल पुढे गेलीय का हे बघितलंत का?

परखड_पाटील | बुधवार, सकाळी ७:५०

राग मानू नका पण मुख्याध्यापक राहिलेला माणूस कार्डाचा पिन टाकतो म्हणजे काय? रोज पेपरात येतंय, टीव्हीवर येतंय, फोन लावला की कॉलर ट्यूनवर इतके महिने तेच ऐकवत होते. माझं स्पष्ट मत आहे की साठीच्या पुढे साधा बटणांचा फोन द्यावा आणि बँकेचं मुलांनी बघावं. विषय संपला.

काउंटर_नंबर_३ | बुधवार, सकाळी ९:२०

पाटील साहेब, मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी काउंटरवर, मागच्या वर्षी निवृत्त झालो. एक प्रसंग सांगतो मग तुम्हीच ठरवा.

२०२४ ची दिवाळी तोंडावर होती. आमच्या जुन्या खातेदार बाई, स्वतः सरकारी खात्यात वरच्या पदावर काम केलेल्या, एफडी मोडायला आल्या. १४ लाख, आरटीजीएस, ताबडतोब. एरवी आल्या की दहा मिनिटं नातवाचं सांगणार, त्या दिवशी मान वर नाही. पर्स पोटाशी घट्ट धरलेली आणि तिची चेन दोन बोटं उघडी. मला त्या फटीतून फोनचा उजेड दिसला, कॉल चालू होता. मी काही बोललो नाही, स्लिप उलटी केली आणि मागे पेन्सिलीने लिहिलं, "फोनवर पोलीस आहेत का?" आणि सही करायला म्हणून पुढे सरकवली. बाईंनी वाचलं आणि त्यांच्या डोळ्यातून घळाघळा पाणी आलं. मी तो फोन पर्समधून काढून बंद केला तेव्हा त्या माझ्यावरच ओरडल्या, अहो ते मला अटक करतील!

आदल्या दिवसापासून व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं होतं त्यांना. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग सापडलेत, हे बघा वॉरंट, कुणाला सांगितलंत तर मुलगाही आत जाईल. रात्रीसुद्धा कॅमेरा चालू ठेवून झोपायला लावलं. डिजिटल अरेस्ट असली कुठली गोष्ट आपल्या कायद्यात नाही, पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये हेच सांगितलं होतं. बाईंना हे माहीत नव्हतं असंही नाही, नंतर म्हणाल्या की मी वाचलं होतं, पण तो माणूस वर्दीत समोर बसलेला आणि माझा आधार नंबर घडाघडा वाचतोय म्हटल्यावर मला काही सुचेना.

अक्कल कमी पडते म्हणून माणूस फसत नाही हो. घाबरवून त्याला एकटं पाडतात. बाईंच्या बाबतीत "कुणाला सांगू नका" हे चोराने सांगितलं, रानजाईंच्या बाबांना घरच्या धाकाने तेच वाटलं.

आता रानजाई, तुमच्या कामाचं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं, ग्राहकाच्या मर्यादित जबाबदारीबद्दल. तिसऱ्याच कुणीतरी केलेला व्यवहार असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ग्राहकाचा हलगर्जीपणा असेल तर मात्र कळवेपर्यंतचा तोटा त्याचा, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. साहेब याच दुसऱ्या कलमावर बोट ठेवतायत. पण त्याच परिपत्रकात असंही आहे की जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. तुमचा मुद्दा असा मांडा की बाबांनी ओटीपी कुणालाच दिला नाही, तो ॲपने चोरला, आणि त्यांचे जुने व्यवहार पाहता रात्री दोन वाजता लागोपाठ चार मोठे व्यवहार बँकेच्या यंत्रणेला खटकायला हवे होते. पिन टाकलाय ही गोष्ट तुमच्या विरोधात जाते, ते मी लपवत नाही. तरी लेखी मांडाच आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी तिथे ऐकतात) जा, ऑनलाइन होतं, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

अडकलेल्या ३१ हजारांसाठी कोर्टाचा आदेश लागेल का आणि अर्ज कसा करायचा ते सायबर सेलला तक्रारीचा पोचक्रमांक दाखवून विचारा. पाठपुरावा सोडू नका, लोक कंटाळून सोडतात.

हॉस्टेल_ब्लॉक_सी | बुधवार, दुपारी १:०५

मी इंजिनिअरिंगला आहे, या विषयाची दुसरी बाजू सांगतो जी आमच्या वयाच्या पोरांनी वाचायला हवी. रानजाईताईंनी लिहिलंय ना की पैसे तीन खात्यांतून फिरले, ती खाती कुणाची असतात माहितीये? आमच्यासारख्यांची. माझ्या रूममेटला टेलिग्रामवर कुणीतरी म्हणालं की फक्त अकाउंट वापरायला दे, एटीएम कार्ड आणि सिम कुरिअर कर, महिन्याला ८ हजार देतो, गेमिंगचे पैसे फिरवायचेत. त्याने दिलं. घरची परिस्थिती बेताची, मेसचे पैसे थकलेले. दोन महिन्यांनी खातं फ्रीझ झालं, मग दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची नोटीस त्याच्या गावच्या पत्त्यावर गेली. स्कॉलरशिप त्याच खात्यात यायची तीही अडकली. परीक्षा सोडून तारखेला जातोय तो आता. वडील ऊसतोडीला जातात त्याचे.

त्याला खरंच माहीत नव्हतं की हे कुणाच्यातरी बाबांच्या पेन्शनचे पैसे आहेत. मी हा धागा त्याला वाचायला दिला, वाचून नुसता बसून राहिला.

नाशिकहून_जर्सीला | बुधवार, रात्री ८:३०

काउंटर काका, तुमचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. माझे आईबाबा नाशिकला, मी इथे अमेरिकेत, आणि गेल्या वर्षी त्यांना फोन आला की तुमचा मुलगा पकडला गेलाय, पाठीमागे कुणीतरी "आई वाचव" म्हणून रडतोय. आईला आवाज माझाच वाटला. त्या वेळी इथे पहाटेचे साडेचार, मी झोपलेलो, फोन सायलेंट. बाबांनी तेवढ्यात माझ्या बायकोचा नंबर लावला म्हणून निभावलं.

तेव्हापासून आम्ही घरात एक शब्द ठरवलाय. आजीची एक गाय होती, तिचं नाव. ते कुठल्याच फेसबुक पोस्टमध्ये नाही, फोटोत नाही, कुणाला माहीत असायचं कारण नाही. कुणीही कितीही रडून पैसे मागितले, मी स्वतः मागितले तरी, आई आधी गायीचं नाव विचारणार. आणि मोठा व्यवहार करायच्या आधी बहिणीला फोन, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. बहिणीने कबूल केलंय की ती कधीही चिडणार नाही.

फलाट_नंबर_चार | बुधवार, रात्री १०:००

थोडं वेगळं पण संबंध आहे म्हणून लिहिते. मी रोज कल्याणहून सीएसएमटीला जाते, कळव्याच्या पुढे दारात उभ्या असलेल्या मुलाच्या हातावर फटका गँगने काठी मारली आणि फोन खाली. त्या मुलाचा फोन लॉक होता म्हणून तो निश्चिंत होता, पण चोरांनी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं आणि ओटीपी त्यावर मागवले. फोनला लॉक आणि सिम उघडं असं चालत नाही. सेटिंग्जमध्ये सिम लॉक असतं, तिथे पिन लावून ठेवा, मग सिम कुठल्याही फोनमध्ये घातलं तरी पिन मागेल. तीनदा चुकला तर पीयूके (सिम उघडायचा वेगळा कोड) लागतो, म्हणून पिन घरी लिहून ठेवा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसतो तेही बंद करा. फोन गेलाच तर आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करा, मग संचार साथी या सरकारी वेबसाइटवर जाऊन हँडसेट ब्लॉक करा. तिथेच आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं, माझ्या आईच्या नावावर एक जास्तीचं निघालं होतं, तिथूनच "माझा नंबर नाही" म्हणून कळवलं.

परखड_पाटील | गुरुवार, सकाळी ८:१०

काका, तुमचा मुद्दा पटला, मी जरा घाईत लिहिलं होतं. रात्री आमच्या वडिलांना विचारलं की तुम्हाला कधी असा फोन आला होता का, तर म्हणाले दोनदा आलाय. एकदा वीज कापतो म्हणून आणि एकदा हयातीचा दाखला फोनवरच अपडेट करून देतो म्हणून, लागोपाठ दोन महिन्यांत. मला आजपर्यंत सांगितलं नव्हतं. खरा मेसेज कसा ओळखायचा ते कुणीतरी सोपं करून सांगा, मी त्यांना मोठ्या अक्षरात लिहून देणार आहे.

काउंटर_नंबर_३ | गुरुवार, सकाळी १०:४५

पाटील, विचारलंत ते फार बरं केलंत.

महावितरण रात्री साडेनऊला वीज कापायचा मेसेज कुणाच्या खाजगी मोबाइल नंबरवरून पाठवत नाही, त्यांचा एसेमेस कंपनीच्या नावाने येतो. अशा एसेमेसच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षरही असतं, जी म्हणजे सरकारी, टी म्हणजे व्यवहाराचा, एस म्हणजे सेवेचा, पी म्हणजे जाहिरात. बँकेचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला लागलेत. बँकांच्या वेबसाइट डॉट बँक डॉट इन वर न्यायला रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ अखेरची मुदत दिली होती, तेव्हा पत्त्याचा शेवट बघायची सवय लावा. हयातीचा दाखला फोनवर कुणालाही ओटीपी सांगून होत नाही. आणि बँकेचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच लावा, नाहीतर पासबुकावरचा.

पण वडिलांना एवढं सगळं पाठ करायला लावू नका. कागदावर दोनच ओळी लिहा, पैसे घेताना पिन लागत नाही, आणि घाई करणाऱ्याचा फोन ठेवून मला फोन करायचा. खाली १९३० मोठ्या आकड्यात.

सह्यफिरस्ता | गुरुवार, सकाळी ११:३०

काकांना अनुमोदन. व्हॉट्सॲपचं एक राहिलं, सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, तिथे सहा आकडी पिन लावून द्या आणि लिंक्ड डिव्हाइसेस उघडून अनोळखी काही दिसतंय का बघा. "चुकून माझा कोड तुझ्या नंबरवर आलाय, पाठव ना" असा मेसेज मित्राकडून आला तरी कोड द्यायचा नाही, तो मित्र नसतोच बहुतेक वेळा. गूगललाही टू-स्टेप लावा, तिथे बॅकअप कोड मिळतात ते कागदावर उतरवून कपाटात ठेवा, फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवू नका. ज्येष्ठांचं रोजचं खातं वेगळं करा, त्यात पाच-दहा हजारच ठेवा, यूपीआय आणि कार्ड त्यालाच. पेन्शनच्या खात्याला यूपीआय नकोच.

रानजाई | शनिवार, सकाळी ९:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. फोन रिसेट झाला, जीमेल झालं, सिमला पिन लावला, लोकपालाच्या अर्जाचा कच्चा मसुदा काकांनी सांगितलेल्या मुद्द्यांवर तयार आहे, ३० दिवस झाले की टाकणार. पाटीलदादा, फोन मात्र मी काढून घेतला नाही. भजनी मंडळाचा ग्रुप, नातीचे व्हिडिओ, शाळेतल्या जुन्या शिक्षकांचा ग्रुप, आई गेल्यापासून एवढंच आहे त्यांना.

सह्यफिरस्तादादा, तुम्ही विचारलं होतं ते खरं निघालं. बाबांच्या व्हॉट्सॲपवरून ती फाइल तीन ग्रुपवर आणि पुष्कळ लोकांना पुढे गेली होती. हे सांगितलं तेव्हा मात्र बाबा हादरले, पैसे गेल्याचं कळलं तेव्हाही एवढे नव्हते हादरले. थोडा वेळ गप्प बसले, मग उठून जुनी फोनची वही काढली, चष्मा लावला आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. गुरुवारपासून हेच चाललंय. "मी गुरुजी बोलतोय, माझ्या नंबरवरून चलानची फाइल आली असेल तर उघडू नको, माझे पावणेदोन लाखांवर गेलेत." स्वतःहून आकडा सांगतात. मी म्हटलं आकडा कशाला सांगताय, तर म्हणाले आकडा सांगितल्याशिवाय लोक मनावर घेत नाहीत.

आतापर्यंत दोघांनी ती फाइल उघडली होती असं कळलं. त्यातला एक बाबांचाच विद्यार्थी, आदल्याच रात्री उघडली होती आणि घरी कुणाला बोलला नव्हता. त्याला बाबांनी फोन चालू ठेवूनच कार्ड ब्लॉक करायला लावलं, पैसे वाचले त्याचे.

वही अआइई प्रमाणे लावलेली आहे. आज सकाळी 'म' ला पोचलेत.